नॉइज गेट लावला की सूर तुटतो, आणि वाजवताना हम तसाच राहतो: जोडणी कशी करावी?

खर्जतार

मंडळी, बॉस एनएस-२ या नॉइज गेट पेडलच्या जोडणीबद्दल आणि सेटिंगबद्दल नेमकी मदत हवी आहे.

सेटअप असा आहे: तीन सिंगल कॉइल पिकअपची स्ट्रॅट जातीची गिटार. तिथून ट्यूनर, वा-वा पेडल ('वा'), ट्यूब स्क्रीमर पद्धतीचा ओव्हरड्राइव्ह, हाय-गेन डिस्टॉर्शन, मग एनएस-२, पुढे डिले आणि रिव्हर्ब, आणि शेवटी ॲम्पचा इनपुट. एनएस-२ चे फक्त इनपुट आणि आउटपुट वापरतो, सेंड-रिटर्न रिकामे आहेत. ॲम्पला मागे इफेक्ट्स लूप आहे, पण त्यात काहीच जोडलेलं नाही. बहुतेक वेळा ॲम्प क्लीन चॅनलवर असतो, काही गाण्यांना मात्र त्याचा गेन चॅनल लागतो. सगळ्या पेडल्सना एकाच ९ व्होल्टच्या ॲडॉप्टरवरून डेझी चेनने वीज जाते. इमारत जुनी आहे, त्यामुळे अर्थिंगची खात्री नाही.

अडचणी तीन. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट बंद होतो ती) कमी ठेवला तर थांबल्यावर सूंऽऽ आवाज येतच राहतो. जास्त ठेवला तर लांबवलेला सूर मध्येच तुटतो, आणि तुटण्याआधी थडथड करत उघड-बंद होतो. तिसरी, गेट नीट चालू असतानाही वाजवत असताना मागे घूंऽऽ ऐकू येतोच. गिटार कॉम्प्युटरकडून खिडकीकडे वळवली की तो कमी होतो.

दुसरा गेट घ्यावा का, की याच पेडलमधून काम होईल?

---

षड्जपंचम

दुसरा गेट नको. जोडणी बदला.

आधी तिसऱ्या अडचणीबद्दल, कारण तिचं उत्तर गेटमध्ये नाहीच. गेट म्हणजे नळ आहे, गाळणी नव्हे. सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली गेला की तो बंद होतो, वर आला की उघडतो. उघडा असताना सूर आणि हम दोन्ही जसेच्या तसे पुढे जातात. वाजवताना येणारा घूं गिटारमध्ये, वायरिंगमध्ये किंवा विजेत शोधावा लागेल.

आता सूर का तुटतो ते. तुमच्या जोडणीत एनएस-२ डिस्टॉर्शननंतरचा सिग्नल 'ऐकतो' आणि त्यालाच कापतो. डिस्टॉर्शन सिग्नलला चेपून सपाट करतं, त्यामुळे गेटला सूर कुठे संपला आणि नॉइज कुठे सुरू झाला हे ओळखायला जागाच उरत नाही. आकड्यांत बघा. समजा गिटारचा जोरात छेडलेला सूर -१० डीबीवर आहे आणि गिटारचा स्वतःचा नॉइज -७० डीबीवर. दोघांत ६० डीबीचं अंतर आहे. डिस्टॉर्शन ५० डीबी गेन देतं आणि ० डीबीला क्लिप होतं असं धरा. सूर ० वरच अडकतो, पण नॉइज -७० वरून -२० वर येतो. अंतर उरलं २० डीबी. त्यात डिस्टॉर्शनच्या सर्किटची स्वतःची हिस (सूंऽऽ आवाज) मिळवा, ते आणखी कमी होतं. या चिंचोळ्या पट्टीत थ्रेशोल्ड बसवायचा म्हणजे एकतर नॉइज सुटतो, नाहीतर सूर कापला जातो.

एनएस-२ ला सेंड-रिटर्न दिलाय तो याचसाठी. १९८७ पासून हे पेडल बाजारात आहे आणि अजूनही निम्मे लोक ते तुमच्यासारखंच सरळ रांगेत लावतात. सेंड-रिटर्न वापरले की पेडल इनपुटला आलेला स्वच्छ गिटार सिग्नल ऐकतं, आणि कापतं मात्र रिटर्नवर आलेल्या डिस्टॉर्शनच्या सिग्नलला. ऐकायचं गेनच्या आधी, कापायचं गेननंतर.

ॲम्प क्लीन चॅनलवर असेल तर एवढं करा:

गिटार → ट्यूनर → एनएस-२ इनपुट
एनएस-२ सेंड → वा → ओव्हरड्राइव्ह → डिस्टॉर्शन → एनएस-२ रिटर्न
एनएस-२ आउटपुट → डिले → रिव्हर्ब → ॲम्पचा इनपुट

वा मुद्दाम लूपमध्ये, म्हणजे एनएस-२ च्या सेंड आणि रिटर्नच्या मधे घेतलाय. तो इनपुटच्या आधी असेल तर पेडल वरखाली करताना पातळी बदलते आणि गेट फसतो. ट्यूनर सिग्नलमध्ये बदल करत नाही, म्हणून तो बाहेर चालतो. कधी कॉम्प्रेसर आणलात तर तोही सेंडनंतरच ठेवा. तो सूर दाबतो आणि मागचा नॉइज वर उचलतो, म्हणजे गेटच्या आधी ठेवला तर पुन्हा तेच २० डीबीचं रडगाणं. डिले-रिव्हर्ब आउटपुटनंतरच हवेत, नाहीतर गेट बंद होताना त्यांची शेपूट छाटली जाते.

ॲम्पचा गेन चॅनल वापरताना ॲम्पचा प्रीॲम्पही (गेन देणारा पहिला टप्पा) या लूपमध्ये घ्यावा लागतो, कारण हिस तिथेच तयार होते. यालाच चार केबलची पद्धत किंवा एक्स-पॅटर्न म्हणतात:

गिटार → ट्यूनर → एनएस-२ इनपुट
एनएस-२ सेंड → वा → ओव्हरड्राइव्ह → डिस्टॉर्शन → ॲम्पचा पुढचा इनपुट
ॲम्पचा एफएक्स (इफेक्ट्स लूपचा) सेंड → एनएस-२ रिटर्न
एनएस-२ आउटपुट → डिले → रिव्हर्ब → ॲम्पचा एफएक्स रिटर्न

क्लीन चॅनललाही हीच जोडणी चालते, तेव्हा दर गाण्याला केबल बदलायची गरज नाही. पहिल्यांदा जोडताना ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. सेंड आणि रिटर्नच्या केबल उलट्या लागल्या तर काही वेळा आवाजच येत नाही, काही वेळा शिट्टी मारते.

सेटिंग करताना बरेच जण सूर वाजवत वाजवत थ्रेशोल्ड फिरवतात. ते उलट आहे. सर्वांत जास्त गेन ज्या गाण्याला लागतो तो चालू करा, गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवा, सगळ्यात जास्त हम देणारा पिकअप निवडा आणि वाजवताना जिथे उभे राहता तिथेच उभे राहा. दोन्ही हातांनी तारा अलगद दाबून धरा. मोड 'रिडक्शन'वर, डिके (गेट मिटायला किती वेळ घेतो तो नॉब) आणि थ्रेशोल्ड दोन्ही पूर्ण डावीकडे. आता थ्रेशोल्ड हळूहळू उजवीकडे न्या. नॉइज गप्प झाला की थांबा आणि केसभर पुढे सरका. नॉबला घड्याळ मानलं तर अर्ध्या 'तासाच्या' खुणेपेक्षा जास्त नको. मग बाराव्या फ्रेटवर जी तारेचा सूर छेडून मरेपर्यंत ऐका. शेवट करकचून कापल्यासारखा वाटला तर डिके थोडा वाढवा. त्यानंतर पाम म्यूट करून तुटक रिफ वाजवा. दोन ठोक्यांच्या मधे फुस्स असा हिसचा फुगवटा ऐकू आला तर डिके जास्त झालाय, मागे घ्या. या दोन चाचण्यांच्या मधे कुठेतरी तुमची जागा आहे. मेटल रिफसाठी ती डावीकडे असेल, लांब सोलोसाठी नऊ-दहा वाजण्याच्या आसपास.

थडथडीचं कारण वेगळं नाही. सूर विझताना त्याची पातळी थ्रेशोल्डवर येते, तिथे ती सरळ रेषेत उतरत नाही, लहरत उतरते. डिके शून्य असेल तर गेट प्रत्येक लहरीबरोबर उघडतो आणि मिटतो. थ्रेशोल्ड खाली आला आणि डिके थोडा वाढला की हे जातं.

---

ओहमकार

वरच्या प्रतिसादातली जोडणी बरोबर आहे, पण एक गोष्ट तिच्याइतकीच महत्त्वाची. एक्स-पॅटर्नमध्ये गेट थेट गिटार ऐकतो. म्हणजे थ्रेशोल्ड किती खाली आणता येईल हे आता ॲम्पची हिस ठरवत नाही, तुमच्या सिंगल कॉइलचा हम ठरवतो. हम १० डीबीने कमी केलात तर थ्रेशोल्ड १० डीबीने खाली येतो आणि तेवढाच सूर जास्त लांबतो. म्हणून गेटचा नॉब फिरवण्याआधी हम मारा. हे काम 'नंतर कधीतरी' वर टाकू नका.

आधी नॉइज कुठून येतोय ते वेगळं करा. ॲम्पमध्ये काहीच न खुपसता तो चालू करा. जो आवाज येईल तो ॲम्पचा आणि भिंतीतल्या विजेचा. आता फक्त गिटार आणि एक केबल, गिटारचा व्हॉल्यूम शून्य. इथे आवाज वाढला तर केबल किंवा जॅकची ग्राउंड सोल्डरिंग सैल आहे. व्हॉल्यूम दहावर नेल्यावर जे वाढेल ते पिकअपचं. मग एकेक पेडल घाला. ज्या पेडलला आवाज उडी मारतो ते, किंवा त्याची वीज, दोषी.

आवाजाची जातही ओळखा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा हम ५० हर्ट्झचा, जाडसर आणि मऊ असतो. तुमचा हम गिटार वळवली की कमी होतो, म्हणजे हाच. त्याच्यावर कॉपर टेपचं शिल्डिंग चालत नाही, हे आधीच सांगतो, कारण लोक त्यावर पैसे घालतात आणि निराश होतात. उपाय तीन आहेत. ॲम्प आणि ॲडॉप्टरपासून निदान दीड मीटर लांब राहा. स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर वाजवा, अर्थात मधला पिकअप उलट वळणाचा आणि उलट ध्रुवाचा असेल तरच तिथे हम कटतो. नाहीतर स्टॅक्ड, म्हणजे सिंगल कॉइलच्या आकाराचे हमबकर बसवा. ५० हर्ट्झ सहाव्या तारेच्या ८२.४ हर्ट्झच्या खाली आहे, म्हणून ईक्यूने तो कापावा असं सुचतं. कापायचाच असेल तर डिस्टॉर्शनच्या आधी. डिस्टॉर्शनमधून गेला की त्याचे १००, १५०, २०० हर्ट्झचे वरचे सूर तयार होतात, आणि ते सरळ गिटारच्या पट्टीत बसतात.

दुसरी जात म्हणजे टोकदार, झिणझिण्या आणणारी बझ. ती दिवे, फॅनचे रेग्युलेटर आणि दोन पिनांचे चार्जर यांच्याकडून येते. फॅन बंद करा, मग पूर्ण वेगावर लावा, मग मधल्या वेगावर. मधल्या वेगालाच बझ येत असेल तर रेग्युलेटर ट्रायॅकचा आहे. तो विजेची लाट मध्येच कापतो आणि सगळ्या वायरिंगमध्ये कचरा सोडतो. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, हा प्रश्न संपतो. ट्यूबलाइट आणि लॅपटॉपचा चार्जर यांचीही अशीच एकेक करून चाचणी घ्या. या जातीवर शिल्डिंग उत्तम चालतं. पिकगार्डच्या मागे आणि पोकळीत कॉपर टेप लावा. टेपच्या डिंकातून वीज वाहत नसेल तर प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा थेंब द्या. मल्टिमीटरने पोकळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, १ ओहमच्या आत यायला हवं. शेवटी एकच वायर पॉटच्या (व्हॉल्यूम नॉबखालच्या भागाच्या) पाठीवरच्या ग्राउंडला न्या.

तारांना हात लावला की बझ कमी होणं नैसर्गिक आहे. हात लावल्यावर वाढली तर जॅकच्या वायरी उलट लागल्या आहेत का ते बघा, ब्रिजला जाणारी ग्राउंड वायर शाबूत आहे का तेही बघा.

जुन्या इमारतीचं अर्थिंग. थ्री-पिन सॉकेट दिसलं म्हणजे आत अर्थची वायर आहे असं नाही. वायरमनकडून मोजून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० व्होल्टच्या आसपास, आणि न्यूट्रल-अर्थ फार तर दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ बरंच कमी दाखवत असेल तर अर्थ अधांतरी आहे. तोवर हम तर येईलच, पण एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागले तर झटकाही बसू शकतो. हम घालवायला ॲम्पची अर्थ पिन कापण्याचा किंवा तिच्यावर टेप लावण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेल्या ग्राउंडचं वेटोळं) सिग्नलच्या बाजूने, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून तोडायचा असतो. विजेच्या बाजूने कधीच नाही.

राहिली डेझी चेन. डिजिटल डिले आणि रिव्हर्बच्या आतल्या क्लॉकचा बारीक 'ईऽऽ' आवाज सामाईक ग्राउंडमधून डिस्टॉर्शनमध्ये शिरतो आणि तिथे वाढतो. चाचणी सोपी आहे: एनएस-२ आणि डिस्टॉर्शन ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, बाकीचे ॲडॉप्टरवर. बारीक शिट्टी गेली तर आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळ्या ग्राउंडचं आउटपुट देणारा पॉवर सप्लाय घ्या. घेताना प्रत्येक डिजिटल पेडलला किती मिलिॲम्पिअर लागतात ते बघा. ॲनालॉग ओव्हरड्राइव्हला १० सुद्धा पुरतात, डिजिटल रिव्हर्बला सहज शंभराच्या वर लागतात. एनएस-२ वर डीसी आउटचा जॅक आहे, पण तोही डेझी चेनच आहे, आयसोलेशन नाही.

---

खर्जतार

दोघांचे आभार. पॅच केबल मागवल्या आहेत. तोवर काही शंका.

गिटारचा व्हॉल्यूम पाचवर आणून क्रंच वाजवायची सवय आहे. एक्स-पॅटर्नमध्ये गेट थेट गिटार ऐकत असेल तर व्हॉल्यूम कमी केल्यावर सूर कापला जाणार नाही का? दुसरं, जर्मेनियमचा फझ लवकरच येतोय, तो कुठे बसवायचा? आणि गिटार, बोर्ड आणि ॲम्पमध्ये आता चार लांब केबल होणार, त्याने टोन मंदावतो का?

---

षड्जपंचम

व्हॉल्यूमबद्दलची शंका रास्त आहे, एक्स-पॅटर्नची खरी किंमत तीच आहे. व्हॉल्यूम खाली आणला की गेटला दिसणारी पातळी तेवढीच पडते, थ्रेशोल्ड मात्र जागच्या जागी असतो. पण त्याच वेळी पिकअपचा हमसुद्धा तेवढाच खाली येतो, म्हणून क्रंचच्या भागात गेटची गरजही कमी असते. तिथे पाय मारून एनएस-२ बंद करा. बंद केल्यावरही सिग्नल सेंड-रिटर्नमधूनच जातो, त्यामुळे टोन किंवा जोडणी बदलत नाही, फक्त कापणं थांबतं. दुसरा मार्ग म्हणजे गिटारचा व्हॉल्यूम दहावरच ठेवायचा आणि गेन कमी करण्यासाठी लूपच्या आत, सेंडनंतर लगेच, व्हॉल्यूम पेडल ठेवायचं. गेटला पूर्ण सिग्नल मिळतो, डिस्टॉर्शनला कमी. माझं मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे, विशेषतः एकाच गाण्यात क्रंच आणि हाय-गेन सारखं अदलाबदल करावं लागत असेल तर.

मोडच्या नॉबकडे लक्ष असू द्या. तो चुकून 'म्यूट'वर गेला की पाय मारल्यावर आवाज पूर्ण बंद होतो, आणि मंचावर ते केबल तुटल्यासारखं वाटतं. ठरल्या जागी पांढऱ्या मार्करची खूण करून ठेवा.

फझ हा वेगळा प्राणी. जुन्या पद्धतीच्या दोन ट्रान्झिस्टरच्या फझचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो, त्याला पिकअपची कॉइल थेट समोर हवी असते. एनएस-२ मध्ये बफर (सिग्नलला पुढे ढकलणारं सर्किट) आहे, तो मधे आला की फझ कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून स्वच्छ करायची त्याची खुबी जाते. म्हणून फझ सगळ्यांच्या आधी, ट्यूनरच्याही आधी: गिटार → फझ → ट्यूनर → एनएस-२ इनपुट. फझ चालू असताना गेट चेपलेला सिग्नलच ऐकेल, तेव्हा थ्रेशोल्ड फझसाठी पुरणार नाही हे गृहीत धरा आणि त्या भागात गेटवर विसंबू नका. फझमध्ये पीएनपी ट्रान्झिस्टर असतील तर त्याचं ग्राउंड बहुतेक वेळा पॉझिटिव्ह असतं. तो बाकीच्यांच्या डेझी चेनवर लावलात तर ॲडॉप्टर शॉर्ट होतो. त्याला बॅटरी किंवा स्वतंत्र आयसोलेटेड आउटपुट.

केबलचं ओहमकार सांगतील.

---

ओहमकार

टोन मंदावतो तो पिकअप आणि पहिल्या बफरच्या मधल्या केबलने. त्या केबलच्या कपॅसिटन्सला पिकअपला स्वतःच ढकलावं लागतं. एनएस-२ पुढच्या केबलना बफर ढकलतो, म्हणून सेंड आणि आउटपुटकडून निघालेल्या पाच-सहा मीटरच्या केबलनी ऐकू येण्याइतका फरक पडत नाही. ॲम्पच्या एफएक्स सेंडला बहुतेक ॲम्पमध्ये स्वतःचा ड्रायव्हर असतो. गिटारपासून बोर्डपर्यंतची एकच केबल आखूड आणि चांगली घ्या.

एक्स-पॅटर्नमध्ये हम आला तर तो बहुधा केबलच्या पसरण्यामुळे. ॲम्पपासून बोर्डपर्यंत जाणाऱ्या तीन केबलची ग्राउंड एकमेकांना दोन्ही टोकांना जोडलेली असतात. त्या जमिनीवर दूरदूर पसरल्या तर मोठं वेटोळं तयार होतं आणि ते आजूबाजूचा ५० हर्ट्झ पकडतं. तिन्ही केबल एकत्र बांधा, दर अर्ध्या मीटरवर वेल्क्रोची पट्टी. बोर्डचा पॉवर सप्लाय आणि ॲम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. विजेची वायर या जुडग्याला समांतर नेऊ नका. ओलांडायची असेल तर काटकोनात.

जोडण्याआधी ॲम्पचा लूप नीट तपासा. तो सिरीज आहे की पॅरलल? पॅरलल लूपमध्ये मूळ सिग्नलचा एक फाटा लूपला वळसा घालून सरळ पॉवर ॲम्पकडे जातो. गेटने लूपमधला फाटा पूर्ण बंद केला तरी वळसा घेतलेली हिस ऐकू येतच राहते, आणि लोक पेडल खराब म्हणून बदलतात. मिक्सचा नॉब असेल तर तो पूर्ण १०० टक्क्यांवर न्या. तेवढ्यानेही कोरडा सिग्नल बंद होत नसेल तर त्या ॲम्पवर चार केबलची पद्धत वापरता येणार नाही. लूपची पातळीही बघा. मागे -१० आणि +४ असा स्विच असेल तर -१० वर ठेवा. +४ वर पेडलचा इनपुट क्लिप होऊ शकतो, आणि ती चिरकी डिस्टॉर्शन नेमकी कुठून येतेय हे शोधण्यात वेळ जातो.

---

बॅरीटोन२७

मी थोडं वेगळं सांगतो. एक्स-पॅटर्न सगळ्यांना लागत नाही. मध्यम गेनवर रॉक वाजवणाऱ्याला डिस्टॉर्शननंतर, डिलेच्या आधी साधा गेट पुरतो, केबलही दोनच. पाचव्या तारेवरचा एक सूर चार सेकंद धरायचा नसेल तर तो २० डीबीचा हिशोब तितका अंगावर येत नाही. डाउन ट्यून करून सिक्स्टीन्थ नोट्समध्ये रिफ तोडायचे असतील तर मात्र गेटने गिटारच ऐकायला हवी, तिथे तडजोड नाही.

एनएस-२ शिवाय हेच काम करणारे पर्याय: आयएसपी डेसिमेटर जी स्ट्रिंगला दोन स्वतंत्र वाटा आहेत. गिटार इन आणि गिटार आउट ही ऐकण्याची, डेसिमेटर इन आणि डेसिमेटर आउट ही कापण्याची. नॉब एकच, थ्रेशोल्डचा. सूर किती वेगाने विझतोय ते बघून रिलीज ते स्वतः ठरवतं, म्हणून तुटक रिफ आणि लांब सूर एकाच सेटिंगवर बऱ्यापैकी निभतात. फोर्टिन झूलला 'की' (key) नावाचा, फक्त ऐकण्यासाठीचा इनपुट आहे, तिथे स्प्लिटरवरून गिटारचा एक फाटा द्यायचा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स सायलेन्सरला लूप आहेच, शिवाय रिडक्शनचा वेगळा नॉब आहे. पूर्ण शांतता न करता नॉइज फक्त १५-२० डीबी खाली आणायचा असेल तर हा नॉब फार कामाचा. क्लीन आणि क्रंचमध्ये पूर्ण बंद होणारा गेट कानाला खटकतो, अर्धवट उतरलेला कळतही नाही. बेहरिंजर एनआर३०० एनएस-२ च्याच धर्तीचं आहे, सेंड-रिटर्नसकट, आणि बजेट कमी असेल तर जोडणी शिकायला पुरेसं.

एकच इनपुट आणि एकच आउटपुट असलेले छोटे गेट घेताना एवढं बघा की त्यांना हे ऐकणं-कापणं वेगळं करता येत नाही. ते वाईट नाहीत, पण तुमच्या अडचणीवर उपाय नाहीत. एमएक्सआर स्मार्ट गेट या प्रकारात मोडतं, पण त्यात हिस, मिड आणि फुल असा स्विच आहे. हिसवर ठेवलं तर ते फक्त वरचा सुसाट भाग कापतं, खालचा सूर मोकळा सोडतं.

फार जास्त गेनवर दोन गेटही लावतात. पहिला गिटारनंतर लगेच, थ्रेशोल्ड अगदी कमी, फक्त पिकअपचा हम थांबवायला. दुसरा लूपमध्ये. दोन्ही अर्ध्या ताकदीवर चालवले तर एकालाही सूर करकचून कापावा लागत नाही. मात्र पहिल्याचा डिके दुसऱ्यापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर दोघं वेगवेगळ्या क्षणी मिटतात आणि शेवट दोनदा तुटल्यासारखा ऐकू येतो.

---

चौथीफ्रेट

मल्टि-इफेक्ट्स किंवा ॲम्प सिम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण तत्त्व तेच. इनपुटवरचा गेट सगळ्यात आधी असतो, तो स्वच्छ सिग्नल ऐकतो पण कापतोही तिथेच. म्हणजे पिकअपचा हम थांबतो. पुढच्या ॲम्प ब्लॉकमध्ये हिस तयार होत असेल तर ती राहते, तिच्यासाठी ॲम्प ब्लॉकनंतर आणि डिलेच्या आधी दुसरा गेट ब्लॉक, सौम्य थ्रेशोल्डवर.

रेकॉर्डिंग करताना गेट छापू नका. इंटरफेसमध्ये गिटारचा कोरडा सिग्नल गेटशिवाय जाऊ द्या, गेट प्लगइनने नंतर लावा. प्लगइनमध्ये हिस्टेरेसिस असेल तर ३ ते ६ डीबी ठेवा. उघडण्याची आणि मिटण्याची पातळी वेगळी झाली की थडथड जाते, डिके वाढवावा लागत नाही. अटॅक (गेट उघडायला लागणारा वेळ) ०.५ मिलिसेकंदाच्या खाली नेलात तर जाड तारांवर प्रत्येक सुराआधी टिक ऐकू येते, ५ च्या वर नेलात तर पिकचा ठोसा बोथट होतो. १ ते २ मध्ये बसवा.

---

खर्जतार

पॅच केबल आल्या, क्लीन चॅनलची जोडणी केली. थ्रेशोल्ड दोन वाजल्यावरून साडेनऊवर आला आणि थडथड गेली. बॅटरीच्या चाचणीत बारीक शिट्टीही गेली, म्हणजे पॉवर सप्लाय बदलायचा. ॲम्पच्या लूपला मिक्सचा नॉब नाही, मॅन्युअलही हाताशी नाही. तो सिरीज आहे का हे कसं ओळखायचं?

---

ओहमकार

ॲम्पच्या एफएक्स रिटर्नमध्ये एक केबल खुपसा. तिचं दुसरं टोक चालू केलेल्या ट्यूनरच्या आउटपुटला लावा आणि ट्यूनर म्यूट मोडमध्ये ठेवा. ट्यूनरच्या इनपुटमध्ये काही नको. सेंड रिकामाच ठेवा. आता गिटार थेट ॲम्पच्या पुढच्या इनपुटला लावून वाजवा. काहीच ऐकू आलं नाही तर लूप सिरीज आहे, बिनधास्त चार केबल टाका. गिटार ऐकू आली, बारीक का होईना, तर पॅरलल आहे.

सुरुवात व्हॉल्यूम एकवर ठेवून करा आणि केबल काढता-घालताना तो शून्यावर आणा. रिटर्नचा जॅक सरळ पॉवर ॲम्पकडे जातो, तिथला टक्क आवाज स्पीकरला सहन होणारा नसतो.